नाव नसलेलं बटण

एका कार्यालयात रात्रीतून रजेच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. हिशेब विभागातल्या एका अंध बाईंना दोन दिवसांची रजा हवी होती. सकाळी त्यांनी फॉर्म उघडला, तारखा घातल्या, रजेचा प्रकार निवडला, कारण लिहिलं आणि टॅब दाबला. कानातला आवाज म्हणाला, "बटण." पुन्हा टॅब. "बटण." आणखी एकदा. "बटण." तीन बटणं एका रांगेत, तिन्ही बिननावाची. एक अर्ज पाठवणारं असणार, एक पुसून टाकणारं, तिसरं कदाचित मागे नेणारं. त्यांनी मधलं दाबून पाहिलं. फॉर्म कोरा झाला. सगळं पुन्हा भरलं आणि या वेळी जोखीम नको म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो लगेच आला, माउस हलवला, अर्ज गेला. जाता जाता हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, बायॉप्सीचं टेन्शन घेऊ नका, सगळं नीट होईल." कारणाच्या चौकटीत लिहिलेलं त्याने वाचलं होतं. मुद्दाम नाही. समोर होतं, नजर गेली.

त्यांनी घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

यात कुणीच वाईट वागलं नाही, म्हणून हा प्रसंग जास्त सलतो. सहकारी भला माणूस. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्याही मनात कुणाला अडवायचं नव्हतं. त्याने 'पाठवा' या शब्दाच्या जागी कागदी विमानाचं चिमुकलं चित्र टाकलं, कारण ते सुटसुटीत दिसतं. कानात बोलणाऱ्या या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात, आणि त्याला ते विमान दिसत नाही. तो पडदा पाहतच नाही, पडद्यामागे ब्राउझरने मांडून ठेवलेली एक यादी वाचतो. त्या यादीत प्रत्येक गोष्टीच्या तीन नोंदी असाव्या लागतात: ही वस्तू कोणत्या प्रकारची, तिचं नाव काय आणि आत्ता ती कोणत्या स्थितीत आहे. 'मला लक्षात ठेवा, चेकबॉक्स, निवडलेला नाही' हे वाक्य या तीन नोंदी जोडून तयार होतं. नावाची नोंद रिकामी असली की उरतं नुसतं 'बटण'. कधी कधी चित्राच्या फाइलचं नावच वाचलं जातं, 'आयसी अंडरस्कोर सेंड अंडरस्कोर चोवीस' असलं काहीतरी, आणि सरावलेली माणसं त्यातला 'सेंड' पकडून वेळ निभावून नेतात. याहून वाईट म्हणजे बटण हे मुळात बटणच नसणं: नुसती रंगीत चौकट, माउसने टिचकी मारली तरच चालणारी. टॅब तिच्यावर थांबतच नाही, त्यामुळे तिथे काही आहे याचाही पत्ता लागत नाही. बिननावाच्या बटणावरचा उपाय एका ओळीचा आहे. एरिया-लेबल नावाच्या गुणधर्मात 'अर्ज पाठवा' हे दोन शब्द लिहायचे. विमान जागच्या जागी राहतं, रंग तोच राहतो, डोळस माणसाला काही बदललेलं कळतही नाही. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ साली पहिल्यांदा निघाले, मग २००८, २०१८ आणि २०२३ साली त्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या. जे शब्दांत नाही त्याला शब्दांत पर्याय द्या, हा आजच्या आवृत्तीतला अगदी पहिला नियम आहे. पहिलाच नियम, आणि रोज मोडला जाणारा.

स्क्रीन रीडर कसा वापरतात हे ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की यंत्र वाचून दाखवतं आणि माणूस शांतपणे ऐकतो, आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं. मुरलेल्या माणसाच्या शेजारी बसून ऐका. आपण बोलतो ते मिनिटाला साधारण दीडशे शब्दांच्या वेगाने. कानातला आवाज तीनशे, चारशे शब्दांनी धावत असतो. नवख्याला ते यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. म्हणूनच अनेकांना नवे, माणसासारखे गोड आवाज कामासाठी नको असतात. ईस्पीकसारखा जुना, पत्र्याचा वाटावा असा आवाज वेग वाढवला तरी अक्षरं खात नाही. गोड आवाज वेगात विरघळतो. आणि वाचन सलग नसतंच. ते उड्या मारत चालतं. एच दाबला की पुढचं शीर्षक, बी दाबला की पुढचं बटण, टी दाबला की तक्ता, के दाबला की लिंक. इन्सर्ट आणि एफ सात एकत्र दाबले की पानावरच्या सगळ्या लिंक्सची किंवा शीर्षकांची यादी समोर. कंट्रोल दाबला की आवाज गप्प. दहा-दहा शब्दांची वाक्यं पहिल्या दोन शब्दांवर तोडत, नको ते टाकत, हवं तिथे थांबत बोटं फिरत असतात. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, हे तेच काम आहे, फक्त ते बोटांनी आणि कानांनी होतं. पण उडी मारायला पायरी हवी. कुणी शीर्षकाला शीर्षकाची शैली न लावता अक्षरं नुसती ठळक आणि मोठी केली असतील, तर दिसायला शीर्षक आहे, यादीत मात्र नाही. एच दाबला की उत्तर येतं, पुढे शीर्षक नाही. मग चाळीस पानांचा अहवाल ओळ ओळ करत उतरावा लागतो.

कार्यालयातल्या कामातली खरी डोकेदुखी अशाच गोष्टींत असते. एक्सेलमध्ये अंध माणूस एका वेळी एकाच सेलमध्ये असतो. आजूबाजूचं सगळं त्याच्या डोक्यात मांडलेलं असतं. कंट्रोल आणि बाण दाबून तो भरलेल्या भागाच्या टोकाला जातो, ओळी-स्तंभांच्या नावांवरून जागा ओळखतो. त्यात कुणी सुंदर दिसावं म्हणून चार सेल मर्ज केले की बी पाचवरून खाली जाताना तो भलत्याच ठिकाणी निघतो आणि डोक्यातला नकाशा फिसकटतो. 'लाल केलेल्या नोंदी तपासून द्या' असा निरोप येतो. लाल रंग ऐकू येत नाही. सहकाऱ्याने शेजारी 'स्थिती' नावाचा एक स्तंभ करून त्यात 'तपासा' असं लिहिलं असतं, तर ते गाळणी लावून क्षणात वेगळं काढता आलं असतं, आणि डोळसांनाही ते सोयीचंच पडलं असतं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. स्क्रीन रीडर म्हणतो, रिकामं पान. त्यातून अक्षरं ओळखून घेता येतात, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि आर दाबून, पण दोन स्तंभ असले तर ओळी एकमेकांत मिसळतात आणि आठाचा तीन होतो. पत्रात एखादं अक्षर चुकलं तर अर्थ लागतो. हिशेबात आठाचा तीन चालत नाही. म्हणून जाणकार माणूस स्कॅन आला की मूळ फाइल मागतो, आणि ती मागताना तो कटकट्या ठरतो.

व्हिडिओ बैठकीत एका कानात माणसं बोलत असतात आणि दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर. मधेच गप्पांच्या चौकटीत कुणी 'धन्यवाद' टाकतं, कुणी अंगठा दाखवतं, आणि तो प्रत्येक अंगठा मोठ्याने वाचला जातो, नेमका महत्त्वाचा आकडा सांगितला जात असताना. बोलणारा म्हणतो, "इथे बघा, हा आलेख कसा खाली आलाय." शेअर केलेला पडदा स्क्रीन रीडरसाठी नुसतं चित्र असतं. सादरीकरणाची फाइल अर्धा तास आधी मेलवर आली असेल तर अंध माणूस ती आपल्या संगणकावर उघडून सोबत चालू शकतो. नसेल तर तो बैठकभर ऐकत बसतो आणि शेवटी कुणीतरी विचारतं, "तुमचं काही म्हणणं?"

या सगळ्याची सुरुवात नोकरीच्याच विचारातून झाली होती, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. जॉज हा स्क्रीन रीडर ज्याने केला तो टेड हेंटर मोटरसायकलच्या शर्यतींत उतरणारा माणूस होता. १९७८ साली एका अपघातात त्याची दृष्टी गेली. तो संगणकाकडे वळला आणि १९८९ साली जॉज बाजारात आला. त्या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ जॉब असा आहे: वाणीच्या मदतीने कामापर्यंत पोचणं. नाव ठेवतानाच मुक्काम ठरलेला होता. पण स्क्रीन रीडर ही बरीच वर्षं महागडी गोष्ट राहिली, नोकरी असली तर परवडणारी, आणि नोकरी मिळायला तीच आधी हवी. ही गाठ सोडवली २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने. त्याने एनव्हीडीए लिहायला घेतला. पुढे जेम्स टे हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीए फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, पेन ड्राइव्हवर टाकून कुठल्याही संगणकावर चालवता येतो. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला आणि गुळगुळीत काचेवर, जिथे बोटाला धरायला एकही उंचवटा नाही, तिथे अंध माणसं लिहू-वाचू लागली. ही तिन्ही पावलं कुणाच्या दयेतून आलेली नाहीत. हे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

आवाजाने सगळं भागतं का? नाही भागत. मराठीपुरतं बोलायचं तर 'दिन' आणि 'दीन' स्क्रीन रीडर जवळजवळ सारखेच म्हणतो. चारशेच्या वेगात तर फरक उरतच नाही. लहानपणापासून फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला शब्द ठाऊक असतो, त्याची इकार-उकारांची घडण ठाऊक नसते, आणि मग नोकरीचा अर्ज लिहिताना ती उघडी पडते. लोक म्हणतात भाषा कच्ची आहे. भाषा पक्की असते. त्याने ती कधी पाहिलेली नसते, एवढंच. पाहणं म्हणजे इथे बोटांनी. ब्रेलमध्ये सहा ठिपके, दोन उभ्या ओळी तीन-तीनच्या, डावीकडे एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा. त्यांतून त्रेसष्ट आकृत्या होतात. लुई ब्रेलने ही लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली तेव्हा तो विशीचा होता. आपल्या भारती ब्रेलमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी काढत नाहीत. उच्चारात जशी येते तशी द नंतर इ लिहितात. ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार हे ठिपके. दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. बोटाखाली ती एकच तिरकी जोडी आहे, फक्त एक पायरी खाली उतरलेली. शेजारच्या अक्षराच्या उंचीवरून बोट तो फरक ओळखतं, आणि एकदा ओळखला की 'दिन' आणि 'दीन' पुन्हा कधी एक होत नाहीत. शिवाय बैठकीत बोलताना टिपणं बोटांखाली असली तर कान मोकळे राहतात. पाटीवर सुईने ब्रेल लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटं टोचावं लागतं, कारण उंचवटे कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. संगणकाला जोडायच्या ब्रेल पट्टीवर ते आपोआप उठतात-बसतात. अशा चाळीस घरांच्या पट्टीत प्रत्येक घरात आठ टाचण्या, म्हणजे तीनशे वीस, आणि प्रत्येक टाचणीखाली वीज दिली की वाकणारी स्वतंत्र पट्टी. तिची किंमत त्या तीनशे वीस पट्ट्यांमध्ये आहे. म्हणून ती हव्या त्या हातांत क्वचित दिसते.

मराठी कागदपत्रांचं आणखी एक दुखणं सांगायलाच हवं. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला देवनागरी असतो, आतून मात्र ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. डोळस माणूस परिपत्रक वाचतो. स्क्रीन रीडर वाचतो, 'एल, कंस, टी, अर्धविराम'. पानभर. फॉन्ट ओळखून मजकूर बदलून देणारे परिवर्तक आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार त्यात हमखास मोडतात. टाइप करतानाच युनिकोड वापरणं हा एकमेव धड उपाय आहे. उलट बाजूला, मजकूर युनिकोडमध्ये असून कानातला आवाज फक्त इंग्रजी जाणणारा असेल तर तो अनेकदा देवनागरी सरळ गाळतो. काही वाचतच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं पान रिकामं आहे.

जगाने अंध माणसांना कोणती कामं दिली याकडे पाहिलं की एक विचित्र सातत्य दिसतं. जपानमध्ये मर्दन आणि सुईचिकित्सा हे शतकानुशतकं अंधांचे व्यवसाय होते. सुगियामा वाइची हा सतराव्या शतकातला अंध वैद्य, बारीक सुई नळीतून टोचण्याची जी पद्धत आज सर्रास वापरतात तिचा जनक मानला जातो. इतरत्र खुर्च्यांना वेत विणणं, मेणबत्त्या, पियानो जुळवणं, आणि मग दीर्घकाळ टेलिफोन ऑपरेटरची खुर्ची. ही कामं हलकी नव्हती, अनेकांची घरं त्यांवर उभी राहिली. पण समाज एक काम ठरवून देतो, सगळ्यांना त्याच दारातून आत घेतो, आणि तंत्रज्ञान एक दिवस ते दारच बंद करतं. आपोआप चालणारी एक्स्चेंज आली आणि स्विचबोर्ड गेले. ऐकून टाइप करण्याच्या कामावर बरेच जण स्थिरावले होते; आवाजावरून लिहून देणारी यंत्रं आता ते काम खात आहेत. आज नवा साचा तयार होतोय तो संकेतस्थळं अंधांना वापरता येतात का हे तपासण्याच्या कामाचा. काम चांगलं आहे, गरजेचं आहे. तरीही प्रत्येक अंध पदवीधराला तिकडेच वळवलं जाताना पाहून काळजी वाटते. वकील, शिक्षक, प्रोग्रामर, भौतिकोपचारतज्ज्ञ, संशोधक अशी अंध माणसं आज काम करताहेत; एखाद्याला हिशेबच आवडत असेल तर त्याने हिशेब करावा.

आणि त्या नोकरीच्या दारापर्यंत पोचायचं तर आधी अर्जाचा फॉर्म. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, म्हणजे कॅप्चा. त्याची ऐकायची सोय असली तर ती इतकी खरखरीत की चार प्रयत्न. छायाचित्र ठरावीक मापात कापा, सहीचा फोटो चढवा. जन्मतारीख कॅलेंडरमधून निवडा, टाइप करायची सोय नाही. ओटीपी दुसऱ्या उपकरणावर येतो, तो ऐकायचा, लक्षात ठेवायचा, इकडे येऊन टाइप करायचा, आणि तोवर पान बंद पडतं. वेबचे तेच आंतरराष्ट्रीय नियम म्हणतात की वेळ संपण्याआधी सूचना द्या, वेळ वाढवायला किमान २० सेकंद द्या, आणि एका साध्या कृतीने निदान दहा वेळा वाढवू द्या. नाही तर मर्यादा काढून टाकू द्या. हे करायला फार काही लागत नाही. न केल्याने मात्र जो बाहेर राहतो त्याची नोंद कुठेच होत नाही. अर्धवट सोडलेला फॉर्म म्हणून तो मोजला जातो, बस.

ज्यांना थोडं दिसतं त्यांची तऱ्हा निराळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसणारं अक्षर ज्याला तीन मीटरवरूनही दिसत नाही, तो अंध. त्याच्या अलीकडे अल्पदृष्टीचा मोठा पट्टा आहे. कुणाची नजर नळीतून पाहिल्यासारखी: तो फोनवरची बारीक अक्षरं वाचतो आणि पुढच्या क्षणी खुर्चीला धडकतो. कुणाचा मधला भागच गेलेला: तो मार्गिकेतून सरळ चालत येतो, पण समोरच्याचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. पहिल्याला लोक ढोंगी म्हणतात, दुसऱ्याला गर्विष्ठ. 'काठी घेऊन चालतो आणि मोबाइल बघतो' हे वाक्य हातात पांढरी काठी असलेल्या कितीतरी जणांनी पाठीमागून ऐकलेलं असतं. त्यांना काय लागतं? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नकोत; मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. चौपट मोठं केलं तरी ओळ पडद्याच्या बाहेर न जाता खाली वळायला हवी. खिडकीकडे तोंड करून बसायला नको. टेबलाची दिशा बदलून द्या, एवढंच सांगायचं असतं, आणि ते सांगताना डोळ्यांचं सगळं दुखणं समोरच्याला समजावून द्यावं लागतं.

मुलाखतीत विचारला न जाणारा प्रश्न असतो, 'तुम्ही हे करणार कसं?' तो मनात ठेवून उमेदवाराला शुभेच्छा दिल्या जातात. विचारावा खुशाल. लॅपटॉप उघडून तो पाच मिनिटांत दाखवेल. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी एकच गोष्ट कुणीतरी नीट करावी: दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून स्वच्छतागृहापर्यंत आणि जिन्यापर्यंत त्याच्यासोबत दोनदा चालावं. चालताना त्याला ढकलू नये, दंड धरून ओढू नये. आपलं कोपर पुढे करावं, तो ते धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो, आपल्या हालचालीवरून पायरी, वळण त्याला आपसूक कळतं. पुढे तो एकटा येईल. काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंच, टोक खांद्यांपेक्षा किंचित रुंद कमानीत डावी-उजवीकडे, आणि डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे टेकलेलं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासलेली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हरने बसवलेली ही पद्धत आजही तशीच शिकवतात. काठी जमिनीवरचं सांगते. कमरेच्या वरचं सांगत नाही: उघडी राहिलेली खिडकी, भिंतीतून पुढे आलेली अग्निशामक पेटी, जिन्याची उतरती खालची बाजू. सगळ्यांत वाईट अर्धवट उघडं दार. त्याची कड काठीच्या आणि हाताच्या मधून येते आणि थेट कपाळावर बसते. दार पूर्ण उघडं तरी असावं, नाही तर पूर्ण बंद.

अलीकडे फोनमधला कॅमेरा बोलू लागल्यापासून दिवस खरोखर बदलले आहेत. बी माय आइज हे डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं अ‍ॅप २०१५ साली आलं: अंध माणूस कॅमेरा धरतो, जगाच्या पाठीवरचा कुणी डोळस स्वयंसेवक पाहून सांगतो. २०२३ पासून त्यात यंत्रही वर्णन करतं. कुठला सदरा निळा, टेबलावर कुठली पत्रं आली, पडद्यावर अडकलेला संगणक नेमका काय म्हणतोय, हे कुणाला न उठवता कळतं. कागद वाचायची एक साधी युक्ती आहे: फोन आधी कागदाच्या मध्यावर टेकवायचा, कोपरं टेबलावर ठेवायची, मग दोन्ही हातांनी तो सरळ वर, साधारण फूटभर उचलायचा. चारही कडा चौकटीत येतात. उजेड मागून असेल तर आपलीच सावली पडते, बाजूने हवा. गोल बाटलीवरची अक्षरं वळणावर तुटतात, म्हणून बाटली थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो. आणि एक सावधगिरी, जिच्यात तडजोड नाही. जे दिसत नाही तेही यंत्र ठामपणे सांगतं. पुसट तारखेत हरवलेला आकडा ते अंदाजाने भरतं, आवाजात कचरत नाही. माणूस म्हणाला असता, "नीट दिसत नाहीये हो." म्हणून औषधाची मात्रा, मुदतीची तारीख आणि पैशाचा आकडा यांसाठी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे.

मदत मागण्यात कमीपणा नाही, हे अंध माणसाला कुणी शिकवायची गरज नसते. तो दिवसभर ती मागत असतो आणि देतही असतो. फरक पडतो तो कधी, कुणाकडे आणि कशासाठी मागायची हे ठरवण्याचा हक्क कुणाच्या हाती आहे याने. पत्रावरचा पत्ता वाचून देणाऱ्याला पत्राचा मजकूर कळायलाच हवा असं नाही. स्वतःचा पगार, स्वतःचा पासवर्ड, स्वतःचा तपासणी अहवाल हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय लागते, आणि सवय लागली म्हणजे बोचत नाही असं मुळीच नाही. त्या बाईंना सहकाऱ्याचा राग आला नाही. त्याच्याशी पुढचे काही दिवस बोलताना मात्र प्रत्येक वाक्यात त्याला माहीत असलेली ती गोष्ट होती.

तक्रार त्यांनी त्याच दिवशी लिहिली, आणि ती पाहण्यासारखी होती. 'सॉफ्टवेअर चालत नाही' असं त्यात कुठेच नव्हतं. कोणतं पान, कोणता ब्राउझर, स्क्रीन रीडर कोणता आणि कितवी आवृत्ती. कारणाच्या चौकटीनंतर एकदा टॅब दाबल्यावर काय ऐकू आलं, दुसऱ्यांदा काय, तिसऱ्यांदा काय. काय ऐकू यायला हवं होतं. आणि मधलं बटण दाबल्यावर विचारल्याशिवाय फॉर्म पुसला जातो, हा वेगळा दोष. आवाजाची दीड मिनिटांची ध्वनिफीत सोबत जोडली होती. ती ध्वनिफीत बहुधा त्या प्रोग्रामरने ऐकली असावी, कारण तीन आठवड्यांत दुरुस्ती आली. त्या सकाळी त्यांनी पुन्हा रजेचा फॉर्म उघडला. तारखा, प्रकार, कारण. टॅब. "अर्ज पाठवा, बटण." पुढचं, "फॉर्म पुसा, बटण." त्या एक पाऊल मागे आल्या आणि एंटर दाबला.

काहीच ऐकू आलं नाही.

पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी तीन सेकंद चमकून गेली होती, 'आपला अर्ज पाठवला आहे.' ती आल्याचं स्क्रीन रीडरला कळावं अशी खूण तिच्यावर कुणी केली नव्हती. त्या थोडा वेळ थांबल्या. पुन्हा एंटर दाबावा तर अर्ज दोनदा जायचा. मग 'माझ्या रजा' हे पान उघडलं, टी दाबून तक्त्यावर गेल्या, कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण, पहिली ओळ. उजवा बाण, तारीख. उजवा बाण, प्रकार. उजवा बाण. "स्थिती, मंजुरीसाठी प्रलंबित." त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि दुसरी तक्रार लिहायला नवं पान उघडलं.